उंदरांची सखी

उंदीर दिसला की माणूस प्रथम काठी शोधतो, नाहीतर पिंजरा. धान्य फस्त करणारा, कपडे कुरतडणारा आणि रोग पसरविणारा हा प्राणी कोणाला प्रिय वाटेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु इंग्लंडमध्ये एक अशी स्त्री होऊन गेली, की जिने उंदरांना आपल्या तळहातावर खेळविले, आजारपणात त्यांना औषध पाजले, त्यांची हुबेहूब चित्रे काढली आणि जगातील असंख्य मुलांच्या मनात त्यांना हक्काची जागा मिळवून दिली. तिचे नाव बिअ‍ॅट्रिक्स पॉटर.

बिअ‍ॅट्रिक्सचा जन्म 28 जुलै 1866 रोजी लंडन येथे झाला. घरची श्रीमंती मोठी होती. आजोबांच्या पिढीने कापडाच्या धंद्यात अमाप पैसा मिळविला होता. वडील बॅरिस्टर होते, पण वकिलीपेक्षा छायाचित्रे काढण्यात त्यांचे मन अधिक रमे. केन्सिंग्टन भागातील त्यांच्या उंच घरात नोकरचाकर होते, गाडीघोडे होते. नव्हते ते फक्त मुलांचे हसणेखिदळणे. त्या काळच्या सधन कुटुंबांच्या रीतीप्रमाणे या मुलीला शाळेत घातलेच नाही. घराच्या वरच्या मजल्यावर तिची खोली होती. तिथेच शिक्षिका येऊन शिकवी, तिथेच जेवण येई. ती जवळजवळ सहा वर्षांची झाली, तेव्हा तिला बर्ट्रम नावाचा भाऊ झाला. पुढे तोही शाळेसाठी दूर गेला. मग एवढ्या मोठ्या घरात तिला सोबत कोणाची?

ही सोबत तिने प्राण्यांमध्ये शोधली. त्या वरच्या खोलीत ससे होते, बेडूक होते, सरडे होते, एक वटवाघूळ होते, हेजहॉग नावाचा अंगावर काटे असलेला प्राणी होता. आणि उंदीर तर होतेच. भावंडे त्यांना नुसती पाळत नसत, तर त्यांचा अभ्यास करीत. प्राणी कसा बसतो, पुढचे पाय कसे मुडपतो, खाताना घास कसा धरतो, हे बिअ‍ॅट्रिक्स तासन्‌तास न्याहाळी आणि कागदावर उतरवी. एखादा प्राणी मेला, तर दुःख आवरून ती दोघे त्याचा सांगाडा स्वच्छ करीत आणि हाडांची चित्रे काढीत. त्यामुळेच पुढे तिने आपल्या चित्रांतील प्राण्यांना कोट आणि झगे चढविले, तरी त्या कपड्यांच्या आतील शरीर खऱ्याच प्राण्याचे राहिले. तिचा उंदीर दोन पायांवर उभा राहिला, तरी तो उंदरासारखाच उभा राहतो. उंदराचा मुखवटा घातलेल्या माणसासारखा नव्हे.

उन्हाळ्यात हे कुटुंब तीन-तीन महिने स्कॉटलंडमध्ये जाऊन राही. तेथील रान, ओढे आणि माळ हीच बिअ‍ॅट्रिक्सची खरी शाळा होती. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिने रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ केला. आणि तीही स्वतः शोधून काढलेल्या सांकेतिक लिपीत, इतक्या बारीक अक्षरांत, की घरातील कोणालाही ती वाचता येऊ नये. सुमारे पंधरा वर्षे ती अशी लिहीत होती. तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षे ही पाने कोणालाच उलगडली नाहीत. अखेर 1958 मध्ये लेस्ली लिंडर या गृहस्थांनी चिकाटीने त्या लिपीचे कोडे सोडविले.

या रोजनिशीत एका चिमुकल्या जीवाच्या मृत्यूची नोंद आहे. झरीफा नावाची एक डॉरमाऊस बिअ‍ॅट्रिक्सने पाळली होती. डॉरमाऊस हा उंदरासारखाच दिसणारा, झुपकेदार शेपटीचा प्राणी. थंडी सुरू झाली की तो अंगाची गुंडाळी करून महिनेच्या महिने झोपून राहतो. 1886 मध्ये झरीफा दम्याने आजारी पडली. बिअ‍ॅट्रिक्स तिला औषध देई आणि तीही ते शहाण्यासारखे घेई. म्हणून ती बरी होईल अशी आशा वाटत होती. परंतु एका रात्री दमा बळावला आणि झरीफाने मालकिणीच्या हातावरच अंग टाकले. वीस वर्षांची तरुणी एका मूठभर प्राण्यासाठी हळहळली, याचे कोणास हसू येईल. पण ज्या घरात बोलावयास माणूस नव्हते, तेथे तो प्राणी तिला किती मोलाचा होता, हे ज्याने एकटेपणा अनुभवला असेल त्यालाच कळेल.

पुढे बिअ‍ॅट्रिक्सला अळंब्यांचा नाद लागला. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश या पोस्टमनला रानातील वनस्पतींचे उत्तम ज्ञान होते. तो तिला दुर्मीळ अळंबी पाठवी आणि ती त्यांची चित्रे काढी. सूक्ष्मदर्शकाखाली बीजुके रुजवून ती कशी वाढतात, याची तिने टिपणे केली आणि त्यावर एक निबंध लिहिला. 1 एप्रिल 1897 रोजी तो लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडण्यात आला. परंतु त्या सभेत स्त्रियांना प्रवेश नव्हता! स्वतःचा निबंध मांडला जात असताना लेखिका मात्र घरी बसून होती. तो निबंध पुढे छापलाही गेला नाही. शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, त्या संस्थेने बिअ‍ॅट्रिक्सला न्याय मिळाला नाही हे मान्य केले. पण तोपर्यंत तिला जाऊन अर्धशतक उलटले होते.

विज्ञानाचे दार असे बंद झाले; पण दुसरे एक दार त्यापूर्वीच थोडेसे उघडले होते. तिच्या पूर्वीच्या शिक्षिकेचा, अ‍ॅनी मूर यांचा, पाच वर्षांचा मुलगा नोएल 1893 मध्ये आजारी पडला. त्याला काय लिहावे हे न सुचल्यामुळे बिअ‍ॅट्रिक्सने पत्रात चार सशांची गोष्ट लिहिली आणि ओळींच्या मध्ये चित्रे काढली. नोएलने ते पत्र जपून ठेवले होते. काही वर्षांनी तिने ते परत मागून घेतले आणि त्याचे पुस्तक केले. अनेक प्रकाशकांनी ते नाकारले. तेव्हा तिने 1901 मध्ये स्वखर्चाने 250 प्रती छापून घेतल्या. मुलांच्या चिमुकल्या हातांत मावेल एवढेच पुस्तक असावे, असा तिचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न आणि कंपनी या प्रकाशनसंस्थेने ते प्रसिद्ध केले. हीच पीटर ससोबाची सुप्रसिद्ध गोष्ट होय. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बिअ‍ॅट्रिक्सबाई एकदम नावारूपास आल्या.

सशाने त्यांना कीर्ती दिली, हे खरे. तथापि त्यांचे स्वतःचे सर्वांत आवडते पुस्तक मात्र उंदरांचे होते. ग्लॉस्टर शहरातील एका शिंप्याची हकीकत त्यांना नात्यातील एका मुलीकडून कळली होती. त्या शिंप्याला नगराध्यक्षांचा पोशाख शिवावयाचा होता. काम अपुरे टाकून तो शनिवारी घरी गेला आणि सोमवारी येऊन पाहतो तो पोशाख तयार! केवळ एक काजे राहिले होते, कारण दोरा संपला होता. हे काम वस्तुतः त्याच्या हाताखालच्या कारागिरांनी गुपचूप केले होते. पण लोकांत पऱ्यांनी शिवल्याची आवई उठली. बिअ‍ॅट्रिक्सबाईंनी कारागिरांना वगळले, पऱ्यांनाही वगळले आणि सुई दिली उंदरांच्या हाती. त्यांच्या गोष्टीतील गरीब शिंपी मांजराने कपांखाली कोंडलेल्या उंदरांना सोडवितो आणि पुढे तो तापाने अंथरुणाला खिळला असताना ते उंदीर रात्री जागून त्याचा कोट शिवतात. ही चित्रे काढण्यासाठी त्यांनी ग्लॉस्टरमधील जुन्या गल्ल्या पाहिल्या आणि लंडनच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन शंभरावर वर्षांपूर्वीच्या रेशमी पोशाखांवरील भरतकाम टाक्यागणिक उतरवून घेतले. इतके बारीक टाके घालावयास उंदराचीच बोटे हवीत, असे ती चित्रे पाहून वाटते.

1903 मध्ये ग्लॉस्टरशायरमधील एका घरच्या स्वयंपाकघरात पिंजऱ्यात दोन उंदीर सापडले. एरवी त्यांचे जे झाले असते, ते सांगावयास नको. बिअ‍ॅट्रिक्सबाई तेथे पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी ते दोन्ही उंदीर मागून घेतले आणि लंडनला आणले. एका जुन्या इंग्रजी प्रहसनातील पात्रांवरून त्यांनी त्यांची नावे टॉम थंब आणि हंका मंका अशी ठेविली. हंका मंका ही मादी. ती लवकरच माणसाळली आणि बाईंच्या हातावर येऊन बसू लागली.

वॉर्न यांच्या प्रकाशनसंस्थेतील धाकटे बंधू नॉर्मन वॉर्न यांना लाकूडकामाची हौस होती. त्यांनी या उंदरांसाठी एक छोटे घर बनविले. त्याची एक बाजू काचेची होती. त्यामुळे उंदीर वर कसे चढतात, खाली कसे उतरतात, घरटे कसे करतात, हे सारे बाईंना त्यांना न बुजविता पाहता येई. उंदराला बळेच हातात धरून त्याचे चित्र काढता येत नाही. भ्यालेला उंदीर अंग चोरून घेतो आणि मग त्याचा खरा चेहरा दिसतच नाही.

नॉर्मन यांनी आपल्या पुतणीसाठी एक सुंदर बाहुलीघरही तयार केले होते. त्यातून एक गोष्ट सुचली. बाहुल्या बाहेर गेल्या असताना दोन उंदीर त्यांच्या घरात शिरतात आणि टेबलावर मांडलेले जेवण खावयास बसतात. पण ते सगळे पदार्थ प्लास्टरचे असतात! सुरीने कापता येत नाहीत, दातांनी तुटत नाहीत. संतापलेले उंदीर घरभर नासधूस करतात. पुढे त्यांनाच आपल्या वागण्याची लाज वाटते. ते नुकसानीदाखल एक वाकडे नाणे आणून ठेवतात आणि हंका मंका रोज पहाटे झाडू घेऊन बाहुल्यांचे घर झाडावयास येऊ लागते. या पुस्तकासाठी ते बाहुलीघर प्रत्यक्ष पाहणे आवश्यक होते. परंतु प्रकाशकाच्या घरी वारंवार जाणे आईला पसंत नव्हते. वयाची पस्तिशी उलटलेल्या, स्वतःच्या कमाईवर उभ्या असलेल्या या लेखिकेला आईच्या नाराजीपुढे मान तुकवावी लागली. तेव्हा नॉर्मन यांनी घराची छायाचित्रे काढून पाठविली आणि दुकानातून खोट्या पदार्थांच्या चिमुकल्या बश्या व बाहुल्या विकत घेऊन पाठविल्या. पुस्तक 1904 मध्ये निघाले. हंका मंका घराघरांत पोहोचली.

1905 चा उन्हाळा मात्र फार क्रूर ठरला. एके दिवशी हंका मंका झुंबरावर चढली आणि तेथून तिचा तोल गेला. जखमी झालेली ती इवलीशी उंदरी धडपडत आपल्या लाकडी घरापर्यंत पोहोचली आणि दहाएक मिनिटांतच बाईंच्या हातात तिने प्राण सोडला. तिला पडू दिले याबद्दल बाईंनी स्वतःला कधी क्षमा केली नाही. याच जुलै महिन्यात नॉर्मन यांनी त्यांना विवाहाची मागणी घातली. वॉर्न हे व्यापारी घराणे, ते आपल्या बरोबरीचे नव्हे, असे म्हणून आईवडिलांनी विरोध केला. ज्यांची स्वतःची संपत्ती कापडाच्या व्यापारातून आली होती, त्यांनी असे म्हणावे याचे नवल वाटते! तरीही बिअ‍ॅट्रिक्सबाईंनी होकार दिला. परंतु पुरता महिनाही झाला नाही तोच, 25 ऑगस्ट रोजी, रक्ताच्या कर्करोगाने नॉर्मन यांचा अंत झाला. त्यावेळी बाई वेल्समध्ये होत्या. त्यांची शेवटची भेटही झाली नाही.

त्या दुःखात त्यांनी मन घट्ट करून एक निर्णय घेतला. उत्तर इंग्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशात सॉरी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील हिल टॉप नावाचे शेत आणि शेतघर त्यांनी पुस्तकांच्या पैशांतून विकत घेतले. स्वतःचे म्हणता येईल असे ते त्यांचे पहिले घर. आणि गंमत अशी, की त्या घरात त्यांच्या आधीच उंदरांनी बिऱ्हाड थाटले होते! हे काही हंका मंकाच्या जातीचे चिमुकले उंदीर नव्हते. चांगल्या थोराड घुशी होत्या. जाड भिंतींतून त्यांचे रस्ते होते. त्या धान्य पळवीत, काकडीच्या वाफ्यात पिल्ले घालीत. उंदरांची ही सखी काही भोळी नव्हती. तिने दारांच्या खालच्या कडांना जस्ताचे पत्रे ठोकले, भिंतींच्या बुडाशी सिमेंट भरले, सापळे लावले आणि शेत सांभाळणाऱ्या बाईने मांजरे आणली तीही राहू दिली. हातावर बसणारा पाळीव उंदीर वेगळा आणि कोठारात शिरलेली रानटी घूस वेगळी, हे तिला पक्के ठाऊक होते. रानटी उंदरांपासून रोग होतात, धान्याची नासाडी होते. त्यांना घरात मोकळे रान देणे ही काही प्राण्यांवरची माया नव्हे.

परंतु या शत्रूंचेही पुस्तक झालेच. 1908 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गोष्टीत एक खोडकर मांजराचे पिल्लू धुराड्यातून चढता चढता घुशींच्या बिळात पडते, आणि सॅम्युअल व्हिस्कर्स हा लठ्ठ घूसमहाराज व त्याची पत्नी त्याला कणकेत गुंडाळून लाटण्याने लाटू लागतात. मांजराचा उंदराने फराळ करावा, ही कल्पनाच किती उलटी! चित्रांतील जिने, कपाटे आणि चूल हिल टॉपमधीलच आहेत.

हे पुस्तक त्यांनी अर्पण केले, ते एका उंदरालाच. त्याचे नाव सॅमी. हा तांबड्या डोळ्यांचा पांढरा उंदीर त्यांनी पूर्वी पाळला होता. अर्पणपत्रिकेत त्यांनी त्याला बुद्धिमान म्हटले आहे, प्रेमळ मित्र म्हटले आहे आणि अट्टल चोरही म्हटले आहे. आणि यांतील एकही विशेषण खोटे नव्हते. सॅमीच्या पेटीत घरातील नाना चिजा सापडत. एकदा बाई त्याला घेऊन एका मावशीकडे राहावयास गेल्या. तेथे सॅमीला उकडलेले अंडे मिळाले आणि तो ते पडवीतून कसा वाहून नेतो हे सर्वांनी मोठ्या कौतुकाने पाहिले. पण पुढच्या खेपेस या पाहुण्याला बरोबर आणू नये, असेही मावशींनी बजावले! पांढरे उंदीर हे करड्या घुशीच्याच जातीचे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाळून त्यांना शांत बनविले आहे. ते हाक ओळखतात, वाटा लक्षात ठेवतात, सोबत्याशिवाय उदास होतात. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून काही ना काही कुरतडणे त्यांना भागच असते. त्यात त्यांचा खोडसाळपणा नसतो. मात्र त्यांचे आयुष्य अवघे दोन-तीन वर्षांचे. म्हातारपणी सॅमीला सतत कोणीतरी गोंजारावे असे वाटे आणि बाई त्याला गोंजारीत.

यानंतरही त्यांनी उंदरांच्या गोष्टी लिहिल्या. एकीत बिळाची अतिशय टापटीप ठेवणारी एक रानउंदरी आहे. चिखलाच्या पायांनी येणाऱ्या पाहुण्यांनी ती हैराण होऊन जाते. दुसरी इसापनीतीतील गावचा उंदीर व शहरचा उंदीर यांच्या कथेवर रचलेली आहे आणि त्या गोष्टीच्या शेवटी लेखिकेने आपला कल गावच्या उंदराकडे असल्याचे मोकळेपणाने सांगून टाकले आहे.

1913 मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी विल्यम हीलिस या सॉलिसिटरांशी विवाह केला आणि त्या सॉरी गावी कायमच्या राहू लागल्या. दृष्टी अधू झाली तशी चित्रे मागे पडली. लेखिका म्हणून मिरविण्यापेक्षा शेतकरीण म्हणवून घेणे त्यांना अधिक आवडे. पायांत लाकडी तळाचे जोडे, अंगात जाड लोकरीचा पोशाख अशा थाटात त्या पावसापाण्यात मेंढ्यांच्या मागे हिंडत. हर्डविक ही त्या डोंगरांतील काटक मेंढ्यांची जात नाहीशी होऊ नये, म्हणून त्यांनी कळप वाढविले आणि प्रदर्शनांत बक्षिसे पटकाविली. एखादे शेत विक्रीस निघाले की तेथे बंगले आणि हॉटेले उभी राहण्यापूर्वीच त्या ते विकत घेत. मुलांनी आवडीने घेतलेल्या चिमुकल्या पुस्तकांचे पैसे असे डोंगर आणि कुरणे राखण्याच्या कामी आले.

22 डिसेंबर 1943 रोजी बिअ‍ॅट्रिक्सबाईंचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा टॉम स्टोरी या त्यांच्या विश्वासू मेंढपाळाने हिल टॉपच्या वरच्या उतारावर विखुरली. ती नेमकी जागा कोणालाही कळू दिली नाही. चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि चौदा-पंधरा शेते त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली. त्या शेतांवर हर्डविक मेंढ्या चरत राहाव्यात, अशीही त्यांची अट होती.

हिल टॉपचे घर त्यांनी ठेविले होते तसेच त्या संस्थेने राखले आहे. तेथे एक बाहुलीघर आहे. नॉर्मन वॉर्न यांनी दुकानातून आणून दिलेले प्लास्टरचे चिमुकले पदार्थ त्यात मांडलेले आहेत. हंका मंकाच्या सुरीने जे कापले गेले नाही, ते डुकराच्या मांसाचे तांबूस तुकडेही त्यांतच आहेत.